विधिमंडळाची खुर्ची : काशीनाथराव वैद्य ते राहुल नार्वेकर, परभणीच्या नजरेतून

बातम्यांमध्ये ‘अध्यक्ष’, ‘सभापती’, ‘स्पीकर’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. आधी तेवढं स्पष्ट करून घेऊ. महाराष्ट्र विधिमंडळात दोन सभागृहं आहेत. २८८ आमदारांची विधानसभा, तिचा प्रमुख तो अध्यक्ष. ७८ सदस्यांची विधान परिषद, तिचा प्रमुख तो सभापती. अध्यक्षाच्या मदतीला उपाध्यक्ष आणि सभापतीच्या मदतीला उपसभापती असतो. दोघंही नसतील तेव्हा खुर्चीवर बसण्यासाठी काही आमदारांची नावं आधीच जाहीर केलेली असतात, त्यांना तालिका अध्यक्ष म्हणतात. नव्या विधानसभेत आमदारांना शपथ द्यायला राज्यपाल एखाद्या ज्येष्ठ आमदाराला नेमतात, तो हंगामी अध्यक्ष. त्याचं काम दोन-चार दिवसांचं. पण तेवढ्यातही काय घडू शकतं ते पुढे येईलच.

या पदांची माहिती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मिळते, नावं आणि सालं पाठ करायची आणि सोडून द्यायची. आम्हाला इथे थोडं वेगळं सांगायचं आहे. कोणता प्रश्न आज घ्यायचा, कोणाला बोलायला किती वेळ द्यायचा, कोणता शब्द कामकाजातून काढायचा, गोंधळ घालणाऱ्यावर कारवाईचा ठराव मताला कधी टाकायचा, पक्ष सोडलेल्या आमदाराची आमदारकी राहणार की जाणार, हे सगळं या खुर्चीतून ठरतं. ज्या पक्षाकडे शंभर आमदार आहेत त्याला खुर्चीची मेहेरबानी फारशी लागत नाही. ज्याच्याकडे एक-दोन आहेत त्याचं मात्र सगळं तिथेच अडतं. राजधानीपासून लांबचे जिल्हे आणि संख्येने थोडे असलेले समाज, दोघांनाही म्हणून खुर्चीचा इतिहास माहीत असायला हवा.

तीन विधानसभा, एक जिल्हा

परभणीकरांचा या खुर्चीशी संबंध मुंबईत नव्हे, हैदराबादेत सुरू झाला. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सगळ्या प्रौढांच्या मतदानातून पहिलं सभागृह बनलं ते १९५२ साली. १७५ जागांची ही हैदराबाद विधानसभा. बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि अध्यक्ष झाले काशीनाथराव वैद्य. मराठवाडा, तेलंगणा आणि कन्नड जिल्हे अशा तिन्ही भागांचे आमदार एकाच सभागृहात बसायचे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांच्या माणसांना एका शिस्तीत बोलतं ठेवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. परभणीच्या आमदारांनी ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून पहिल्यांदा संबोधलं ते या वैद्यांना. महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षांच्या यादीत त्यांचं नाव नसतं, कारण ती यादी मुंबईच्या वाटेने येते. मराठवाड्याच्या यादीत मात्र ते पहिलं असायला हवं, असं आमचं मत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. तेव्हाचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. परतूर पुढे जालन्याकडे गेलं आणि १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. १९५६ ला आणखी एक बदल झाला, तो सहसा लक्षात घेतला जात नाही. हैदराबादला विधान परिषद नव्हती, मुंबईला १९३७ पासून होती. म्हणजे ‘सभापती’ हे पद परभणीच्या वाट्याला आलं तेच मुळी मुंबई राज्यात गेल्यावर. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आठ वर्षांत तीन राज्यांची विधानसभा पाहिलेला असा आपला जिल्हा.

मुंबईकडची वाट

मुंबईची परंपरा आणखी जुनी आहे. १९२१ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई कायदे कौन्सिलला स्वतंत्र प्रेसिडेंट मिळाला. पहिले सर नारायण चंदावरकर. १९२३ ला त्यांचं निधन झालं आणि त्यांच्यानंतर आले सर इब्राहिम रहिमतुल्ला. मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद त्यांनी १८९९ मध्येच भूषवलं होतं. पुढे १९३१ ते १९३३ या काळात ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचेही प्रेसिडेंट होते. रहिमतुल्लांनंतर १९२७ पासून अली मुहम्मद खान देहलवी यांनी मुंबई कौन्सिलची खुर्ची सांभाळली आणि १९३५ च्या कायद्याने नवं विधिमंडळ येईपर्यंत ती त्यांच्याकडे होती. सलग दोन मुस्लिम प्रेसिडेंट, आणि तेही मुंबईसारख्या प्रांतात. आजच्या पिढीला ही गोष्ट सांगितली तर पटकन खरी वाटत नाही. अर्थात तेव्हाचं कौन्सिल आजच्यासारखं नव्हतं. मतदानाचा हक्क थोड्यांना होता आणि मुस्लिमांसाठी वेगळे मतदारसंघ होते, हेही विसरून चालणार नाही.

१९३७ ला प्रांतिक विधानसभा आली आणि गणेश वासुदेव मावळणकर अध्यक्ष झाले. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, वकिली अहमदाबादला. नऊ वर्षं मुंबईची खुर्ची सांभाळून ते दिल्लीला गेले आणि १९५२ ला स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. आज लोकसभेत अध्यक्षांनी कसं वागावं याचे जे दाखले दिले जातात, त्यातले कितीतरी मावळणकरांच्या नावावर आहेत. त्यांच्यानंतर मुंबईत नगरचे कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ आणि दत्तात्रय काशिनाथ उर्फ नानासाहेब कुंटे १९५२ ते १९५६ अध्यक्ष होते. १९५६ ला मराठवाड्याचे आमदार मुंबईच्या सभागृहात येऊन बसले तेव्हा नवे अध्यक्ष निवडले गेले ते सयाजी लक्ष्मण सिलम. १९६० ला राज्य बदललं, खुर्चीतला माणूस बदलला नाही. सिलम हेच महाराष्ट्र विधानसभेचेही पहिले अध्यक्ष.

बाळासाहेब भारदे आणि नंतरचे

सिलम यांच्यानंतर १९६२ ते १९७२ अशी सलग दहा वर्षं त्र्यंबक शिवराम उर्फ बाळासाहेब भारदे अध्यक्ष होते. शेवगावचे, वारकरी, कीर्तनकार, आधी सहकार मंत्री राहिलेले. २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. लागोपाठ दोन विधानसभांचं अध्यक्षपद मिळवणारे महाराष्ट्रात ते एकटेच होते. तो मान दुसऱ्याला मिळायला डिसेंबर २०२४ उजाडावं लागलं.

भारद्यांनंतर विदर्भातले शेषराव वानखेडे आले. मुंबईचं वानखेडे स्टेडियम यांच्याच नावाचं, हे क्रिकेटवेड्यांनाही अनेकदा माहीत नसतं. दुष्काळ आणि आणीबाणी, दोन्ही त्यांच्या काळात झाले. मग काही महिने पाटणचे बाळासाहेब देसाई. मार्च १९७८ ला मराठवाड्याला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. लातूरचे शिवराज पाटील आधी उपाध्यक्ष होते, मग अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात वसंतदादांचं सरकार पडलं आणि शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. पुढे पाटील लोकसभेत गेले आणि १९९१ ते १९९६ तिथलेही अध्यक्ष झाले. मावळणकरांसारखीच दोन्ही खुर्च्यांवर बसलेली ही दुसरी व्यक्ती, आणि ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली.

त्यांच्यानंतरचे प्राणलाल व्होरा यांची गंमत सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९८० ला ते निवडून आले आणि त्याच महिन्यात विधानसभा बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागली. तरी ते जूनअखेरपर्यंत अध्यक्ष राहिले. घटनेच्या कलम १७९ मध्येच तशी सोय आहे. सभागृह विसर्जित झालं तरी नव्या सभागृहाची पहिली बैठक होईपर्यंत अध्यक्षाचं पद जात नाही. आमदार माजी होतात, अध्यक्ष होत नाही.

मग शरद दिघे (१९८०-८५), कोरेगावचे शंकरराव जगताप (१९८५-९०), जळगाव जिल्ह्यातले मधुकरराव चौधरी (१९९०-९५), शिवसेनेचे दत्ताजी नलावडे (१९९५-९९), चोपड्याचे अरुण गुजराथी (१९९९-२००४), कोल्हापूर जिल्ह्यातले बाबासाहेब कुपेकर (२००४-०९), आंबेगावचे दिलीप वळसे पाटील (२००९-१४). २०१४ ला फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे आले. मराठवाड्याचे हे दुसरे अध्यक्ष, आता ते राजस्थानचे राज्यपाल आहेत. बागडेंनंतर साकोलीचे नाना पटोले डिसेंबर २०१९ ला निवडले गेले आणि ४ फेब्रुवारी २०२१ ला राजीनामा देऊन काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. अध्यक्षाने राजीनामा उपाध्यक्षाकडे द्यायचा असतो, तो नरहरी झिरवाळ यांनी घेतला.

त्यानंतर तब्बल १७ महिने महाराष्ट्राला अध्यक्षच नव्हता. निवडणूक गुप्त मतदानाने घ्यायची की उघड, यावर सरकार आणि राज्यपाल कोश्यारी यांच्यात पत्रापत्री चालू राहिली. दिंडोरीचे आदिवासी आमदार झिरवाळ तेवढा काळ काम बघत होते. शेवटी ३ जुलै २०२२ ला, शिवसेना फुटून सरकार बदलल्यावर, कुलाब्याचे राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. त्या वेळी विधान परिषदेच्या सभापतिपदावर रामराजे नाईक निंबाळकर होते, आणि ते नार्वेकरांचे सासरे. काही दिवस दोन्ही सभागृहांच्या खुर्च्या एकाच घरात होत्या. ९ डिसेंबर २०२४ ला नार्वेकर बिनविरोध पुन्हा अध्यक्ष झाले. भारद्यांच्या नावाशेजारी नाव लागलं ते यांचं.

१९६० पासूनच्या या सगळ्या यादीत परभणी जिल्ह्यातला एकही अध्यक्ष नाही. एकही महिला नाही. आणि एकही मुस्लिम नाही. उपाध्यक्षपदावर मात्र सत्तरच्या दशकात नांदेडचे सय्यद फारुख पाशा होते.

वरचं सभागृह

विधान परिषदेला वरचं सभागृह म्हणतात, पण तिकडे लक्ष कमी जातं. सभापतींच्या यादीत एक नाव असं आहे की त्याचा परभणीच्या खेड्यापाड्याशी थेट संबंध आला. वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ ला त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला: मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळत असताना तीच कल्पना राज्यभर गेली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि रोजगार हमी योजना जन्माला आली. खडी फोडणं, नाला बांध, पाझर तलाव, रस्ते, जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘रोहयोचं काम’ हा शब्द आहे. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. खुर्चीवर बसलेला माणूस मंत्री नसतो, त्याच्याकडे खातं नसतं, निधी नसतो. तरीही एका सभापतीच्या डोक्यातली गोष्ट लाखो घरांच्या चुलीपर्यंत पोचली, हे उदाहरण दुसरं सापडत नाही.

पागेंनंतर रा. सू. गवई सभापती झाले. अमरावतीचे, रिपब्लिकन पक्षाचे, आंबेडकरी चळवळीतले. त्याआधी दहा वर्षं ते उपसभापती होते. पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल झाले. २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई हे त्यांचे चिरंजीव. त्यानंतर लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक आणि भाजपचे ना. स. फरांदे. शिवाजीराव देशमुख २००४ पासून सभापती होते. मार्च २०१५ ला त्यांच्यावर अविश्वास ठराव येऊन त्यांना पायउतार व्हावं लागलं. ठराव राष्ट्रवादीचा, साथ भाजपची. त्यांच्या जागी रामराजे आले. जुलै २०२२ ला रामराजेंची मुदत संपल्यावर सभापतिपद डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं राहिलं आणि उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवलं. परिषदेच्या खुर्चीवर बाई बसण्याची मात्र ही पहिली वेळ नव्हे. जेठी सिपाहीमलानी पन्नास-साठच्या दशकात उपसभापती होत्या. १९ डिसेंबर २०२४ ला राम शिंदे बिनविरोध सभापती झाले.

बाहेर कोण जातो

आता ज्या भागासाठी हा लेख मुळात लिहायला घेतला तिथे येऊ. निलंबन.

नियम सोपा आहे. सभागृहात गैरवर्तन केलं की मंत्री ठराव मांडतो, अध्यक्ष तो मताला टाकतो, बहुमताने तो मंजूर होतो. कागदावर निलंबन सभागृह करतं, अध्यक्ष नाही. पण ठराव कधी घ्यायचा, आमदाराला बाजू मांडू द्यायची का, हे खुर्चीच्या हातात असतं.

९ नोव्हेंबर २००९. नव्या विधानसभेचा शपथविधी चालू होता. हंगामी अध्यक्ष सांगोल्याचे गणपतराव देशमुख. अबू आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून मनसेच्या आमदारांनी त्यांच्यावर हात टाकला. त्याच दिवशी चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. पुढे ते निलंबन मुदतीआधीच मागे घेतलं गेलं. पण सभागृहात मारहाण सहन होणार नाही, हे त्या दिवशी सांगितलं गेलं.

नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव बागडेंनी आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी राज्यपालांना धक्काबुक्की केल्यावरून काँग्रेसचे पाच आमदार दोन वर्षांसाठी निलंबित झाले. त्यात सिल्लोडचे अब्दुल सत्तारही होते.

१६ मार्च २०१६. भायखळ्याचे एमआयएमचे आमदार वारिस पठाण यांनी ‘भारत माता की जय’ म्हणायला नकार दिला. ‘जय हिंद’ म्हणायला ते तयार होते. अधिवेशन संपेपर्यंत त्यांना निलंबित करण्यात आलं, आणि ठरावाला भाजप-सेनेबरोबर काँग्रेस आणि राष्ट्रवादीचाही पाठिंबा होता. तोडफोड नाही, कागद फेकले नाहीत, कोणाच्या अंगावर कोणी गेलं नाही. एखादी घोषणा देणं आमदारावर बंधनकारक आहे, असं विधानसभेच्या नियमांत कुठेही नाही. आमचं म्हणणं एवढंच: अशा वेळी खुर्चीने ‘नियम दाखवा’ असं विचारायला हवं होतं. सगळे पक्ष एका बाजूला गेले की एकट्या आमदाराला खुर्चीशिवाय कोणी उरत नाही.

पुढच्या वर्षी फटका थेट आपल्या जिल्ह्याला बसला. मार्च २०१७ ला शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी अर्थसंकल्पाच्या वेळी गोंधळ घातल्यावरून काँग्रेस-राष्ट्रवादीचे १९ आमदार ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित झाले. त्यात गंगाखेडचे मधुसूदन केंद्रे होते. म्हणजे कर्जमाफीची सगळ्यात जास्त गरज असलेल्या भागाचा आमदारच कर्जमाफी मागितली म्हणून बाहेर. काही दिवसांतच दोन टप्प्यांत ते निलंबन मागे घेतलं गेलं. त्या १९ जणांची यादी आज वाचली तर दोन नावं डोळ्यात भरतात. एक नरहरी झिरवाळ, जे तीन वर्षांनी त्याच सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. दुसरे भास्कर जाधव. ५ जुलै २०२१ ला तालिका अध्यक्ष म्हणून खुर्चीवर जाधव होते आणि त्यांच्याशी दालनात गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले.

ते बारा जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने निलंबन रद्द केलं. अधिवेशनापेक्षा जास्त काळाचं निलंबन घटनाबाह्य आहे, असा निकाल आला. कारण समजून घेण्यासारखं आहे. आमदाराला काढून टाकलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभर निलंबित ठेवलं तर जागाही रिकामी होत नाही आणि मतदारसंघाला बोलणारा माणूसही राहत नाही. शिक्षा आमदाराला कमी आणि मतदाराला जास्त. या निकालाने त्या वेळी फायदा भाजपच्या आमदारांना झाला, पण आधार सगळ्यांनाच मिळाला. मार्च २०२५ ला अबू आझमी औरंगजेबाबद्दल सभागृहाबाहेर माध्यमांशी बोलले आणि त्यावरून निलंबित झाले, तेव्हा ते निलंबन २६ मार्चपर्यंत, अधिवेशनापुरतंच ठेवावं लागलं. २००९ ला ज्यांच्यावर हात टाकला म्हणून इतर निलंबित झाले, तेच आझमी सोळा वर्षांनी स्वतः बाहेर बसले होते.

आमदारकी कोणाची राहणार

१९८५ ला घटनेत दहावं परिशिष्ट आलं. पक्ष सोडला किंवा व्हीप मोडला तर आमदारकी जाते, आणि हा निर्णय अध्यक्ष किंवा सभापती घेतो. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट कायदेशीर मानली जायची. १९९१ ला छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा अध्यक्ष मधुकरराव चौधरींनी याच तरतुदीखाली त्यांचा गट मान्य केला. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला, पण अध्यक्षाचा निकाल न्यायालयात तपासता येईल असंही सांगितलं.

जून २०२२ च्या शिवसेना फुटीत उपाध्यक्ष झिरवाळांनी शिंदे गटाच्या १६ आमदारांना नोटिसा काढल्या. उलट त्यांच्यावरच अविश्वासाची नोटीस आली. अध्यक्षाला हटवण्याची नोटीस प्रलंबित असेल तर त्याने अपात्रतेचा निर्णय घेऊ नये, असं २०१६ च्या नबाम रेबिया निकालात म्हटलं होतं. त्याच आधारावर प्रकरण लटकलं आणि तेवढ्यात सरकार गेलं. ११ मे २०२३ ला घटनापीठाने रेबिया निकाल सात न्यायाधीशांकडे फेरविचारासाठी पाठवला आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा असं सांगितलं. वाजवी म्हणजे किती, यावर पुन्हा महिने गेले. न्यायालयाने तारखा घालून दिल्या, तेव्हा १० जानेवारी २०२४ ला नार्वेकरांचा निकाल आला.

या निकालात परभणी कुठे होती? अर्ज दोन्ही बाजूंनी होते. शिंदे गटाने ठाकरेंसोबत राहिलेल्या १४ आमदारांना अपात्र करा म्हणून अर्ज केला होता, आणि त्या चौदांत परभणीचे आमदार डॉ. राहुल पाटील होते. नार्वेकरांनी खरी शिवसेना शिंदेंची ठरवली, पण अपात्र कोणालाच केलं नाही. ना इकडचे, ना तिकडचे. परभणी शहराने निवडून दिलेला आमदार राहणार की नाही, हा प्रश्न दीड वर्ष एका माणसाच्या टेबलावर पडून होता, एवढं तरी परभणीच्या मतदाराने लक्षात ठेवावं.

परिषदेतही जिल्ह्याचा धागा होताच. परभणी-हिंगोली स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून २०१८ ला निवडून आलेले विप्लव बाजोरिया शिंदे गटात गेले आणि २०२३ ला त्या गटाने त्यांना परिषदेत प्रतोद केलं. ठाकरे गटाने त्यांच्याविरुद्ध, मनीषा कायंदेंविरुद्ध आणि खुद्द उपसभापती गोऱ्हे यांच्याविरुद्ध अपात्रतेचे अर्ज दिले. सभापतीचं पद रिकामं, उपसभापती सभागृह चालवतात, आणि अर्ज त्यांच्याच विरुद्ध. सभापती किंवा अध्यक्षावरच आरोप असेल तर सभागृहाने निवडलेल्या दुसऱ्या सदस्याने निर्णय घ्यायचा, असं दहाव्या परिशिष्टात आहे. उपसभापतीचं नाव त्या वाक्यात नाही.

आपला प्रश्न खुर्चीपर्यंत कसा जातो

आमदाराकडे निवेदन दिलं की काम झालं, असं आपल्याकडे बरेच जण समजतात. निवेदन सभागृहात जातं ते ठरलेल्या वाटांनी: तारांकित प्रश्न, नियम १०५ ची लक्षवेधी सूचना, नियम ९७ चा स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा. परिषदेत नियम २८९. यातली प्रत्येक वाट खुर्चीच्या मंजुरीतून जाते. लक्षवेधी शेकड्याने येतात, पटलावर लागतात मोजक्या.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. लगेच दुसऱ्या दिवशी नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झालं. विरोधकांनी विषय लावून धरला, सभात्याग झाले, चर्चा झाली, आणि २० डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी उत्तर देताना न्यायालयीन चौकशी जाहीर केली. अधिवेशन आठवडाभराचंच होतं. त्या मोजक्या दिवसांत परभणीला वेळ मिळाला नसता तर पुढची संधी थेट मार्चमध्ये होती.

वेळ पक्षाच्या संख्येनुसार वाटला जातो. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले, तेही सहा पक्षांत विखुरलेले. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी या चार जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम आमदार नाही. पाथरीचे बाबाजानी दुर्राणी विधान परिषदेत होते, त्यांची मुदत २७ जुलै २०२४ ला संपली. त्याच दिवशी वजाहत मिर्झा यांचीही संपली आणि परिषदेत मुस्लिम सदस्य उरला नाही. ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त म्हणून सांगलीचे इद्रिस नायकवडी आले. त्याआधी जूनमध्ये बाजोरियांचीही मुदत संपली होती. त्या जागेचे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, पण स्थानिक संस्थांच्या निवडणुकाच रखडलेल्या असल्याने निवडणूक घ्यायला मतदारच नव्हते. डिसेंबरमध्ये राम शिंदे सभापतीच्या खुर्चीवर बसले, त्या दिवशी त्यांच्यासमोर परभणी-हिंगोलीची जागा रिकामी होती.